३०,००० लढणाऱ्यांना घरी पाठवायचं तर प्लॅन कुठून सुरू करायचा?

प्रश्न असा आलाय. ठाण्यात राज्यशास्त्रात एमए करणाऱ्या एका मुलीला असाइनमेंट मिळालीय. एक काल्पनिक देश, दहा वर्षांची यादवी संपलीय, करार झालाय, ३०,००० लढणारे अजून बंदुका घेऊन जंगलात आहेत, त्यांची शस्त्रं काढून घेऊन त्यांना परत साध्या आयुष्यात आणायचा एक वर्षाचा प्लॅन लिहा. तिने तक्ता करून पाठवलाय: पहिले चार महिने शस्त्रं गोळा करणं, पुढचे चार महिने छावण्या, नोंदणी आणि ओळखपत्रं, शेवटचे चार महिने ट्रेनिंग आणि नोकऱ्या. आणि खाली लिहिलंय, "काका, हे बरोबर आहे का? आणि बरोबर असेल तर इतक्या देशांत का फसतं?"

मी लष्करात असताना यूएन मिशनवर पूर्व काँगोत होतो, उत्तर किवूमध्ये, आणि तिथे शरण येणाऱ्यांना ताब्यात घेऊन पुढे पाठवायचं काम आमच्याकडे असायचं. आता ऐरोलीत असतो. उत्तर लांब होणार आहे, कारण या विषयात थोडक्यात सांगितलेलं माणसाला चुकीच्या दिशेला नेतं.

तुझा तक्ता काम ज्या क्रमाने घडतं त्या क्रमाने बरोबर आहे. पण प्लॅन त्या क्रमाने करायचा नसतो. प्लॅन शेवटच्या दिवसापासून मागे यायचा असतो, म्हणजे तो माणूस आपल्या गावात आपल्या दारात उभा आहे, हातात बंदूक नाही, आणि उद्या सकाळी उठून तो काय करणार, इथून सुरुवात. हे ठरलं की ट्रेनिंग कुठलं ते कळतं, पैसे किती लागतात ते कळतं, छावणीत किती दिवस ठेवायचं ते कळतं, आणि सगळ्यात शेवटी गेट कुठल्या तारखेला उघडायचं ते कळतं. जिथे जिथे हे फसलंय तिथे बहुतेक वेळा गेटची तारीख आधी ठरली होती, कारण पुढाऱ्यांना आणि टीव्हीला बंदुकांचा ढीग लवकर बघायचा असतो.

लायबेरियाचं बघ. ७ डिसेंबर २००३ ला राजधानी मन्रोव्हियाजवळच्या एका छावणीत शस्त्रं घ्यायला सुरुवात केली, तयारी साधारण हजार माणसांची होती आणि आले हजारो. प्यायला पाणी पुरेना, पैसे कधी मिळणार हे कोणी नीट सांगेना, त्यांना वाटलं बंदूक दिली की हातात लगेच पैसे पडणार. ते पडले नाहीत म्हटल्यावर हीच माणसं शहरात घुसली, गोळीबार केला, माणसं मेली. यूएनला सगळा कार्यक्रम बंद करावा लागला आणि पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. चार महिने पुढे ढकलून नीट तयारी केली असती तर तेवढेच चार महिने गेले असते आणि माणसं वाचली असती.

त्याच लायबेरियाचा दुसरा आकडा तुझ्या असाइनमेंटसाठी जास्त महत्त्वाचा. आधी अंदाज होता साधारण ३८,००० लढणाऱ्यांचा. शेवटी नोंदणी झाली १ लाख ३ हजारांची, आणि बंदुका आल्या सुमारे २८,०००. का? कारण नियम असा होता की बंदूक नसली तरी १५० काडतुसं आणली तरी नाव घेतलं जायचं, आणि नाव घेतलं की ३०० डॉलर. मग कमांडरने काय केलं, ज्या पोरांनी खरं युद्ध केलं त्यांच्याकडची बंदूक, काडतुसं काढून घेतली आणि भाच्याला, पुतण्याला, ओळखीच्या दुकानदाराला वाटली, आणि मिळालेल्या पैशातला वाटा घेतला. खरा लढणारा बाहेर राहिला, आणि तो बाहेर राहणं हाच पुढचा धोका असतो. सिएरा लिओनमध्येही प्लॅन ४५,००० चा होता आणि जानेवारी २००२ पर्यंत ७२,००० च्या वर लोक आले. म्हणून तुझ्या तक्त्यात ३०,००० हा आकडा तू पक्का धरलायस तो धरू नकोस. ही यादी कमांडर देतो, आणि कमांडरची यादी म्हणजे त्याची सौदा करायची ताकद, ती फुगलेलीच असणार आणि त्याच वेळी काही नावं मुद्दाम गाळलेली असणार. बायका आणि पोरं सगळ्यात आधी गाळली जातात.

हे मी स्वतः पाहिलेलं सांगतो. पहाटे साडेपाचला आमच्या पोस्टच्या तारेबाहेर एक माणूस उभा होता, रवांडाचा, जंगलात लढत असलेल्या एफडीएलआर गटातला. पाऊस पडत होता, त्याने रायफल केळीच्या पानांत गुंडाळून सुतळीने बांधली होती, मॅगझिन वेगळं काढून डाव्या हातात धरलं होतं, म्हणजे दुरूनच दिसावं की गोळी घालणार नाही. जवानाने रायफल घेतली, चेंबर रिकामं आहे का बघितलं, नंबर वहीत लिहिला. बटाचं लाकूड हात लागून लागून इतकं गुळगुळीत झालं होतं की जुन्या जात्याच्या खुंट्यासारखं वाटत होतं. आणि तेव्हा लक्षात आलं की त्याच्या मागे वीस पावलांवर एक बाई उभी आहे, डोक्यावर भांडं, पाठीला बाळ, हाताला दुसरं पोर. आमच्या फॉर्ममध्ये रकाने कुठले होते, तर नाव, गट, हुद्दा, शस्त्राचा प्रकार, शस्त्राचा नंबर. तिचं नाव लिहायला जागाच नव्हती. ती अकरा वर्षं त्या गटाबरोबर जंगलात चालली होती, स्वयंपाक, ओझी, जखमींची सेवा सगळं केलं होतं, आणि कागदावर ती नव्हतीच. कंपनी कमांडरने पेन घेऊन समासात तिचं आणि पोरांचं नाव लिहिलं. दुभाष्याने त्या माणसाला विचारलं काही हवंय का, तर त्याने ना पैसे मागितले ना जेवण. त्याने विचारलं, पलीकडे माझं घर ज्या डोंगरावर होतं तिथे आता कोण राहतंय?

हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नसतो आणि खरं तर सगळा प्लॅन ह्याच प्रश्नाचं उत्तर असायला हवा. ती माणसं पुढे ट्रांझिट कॅम्पमधून सीमेपलीकडे रवांडातल्या मुटोबोच्या केंद्रात जायची, तिथे काही महिने राहून मग आपल्या गावी. आणि जंगलातल्या बाकीच्यांना बाहेर काढणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट कुठली होती, तर रेडिओ. आधी परत गेलेल्यांचे आवाज रेडिओवर वाजवायचे, मी पोचलो, जिवंत आहे, आई भेटली. गटाचे नेते सांगत असायचे की परत गेलात तर मारतील, त्याला यूएनच्या साहेबाच्या भाषणाने उत्तर मिळत नाही, सोबतच्याचा ओळखीचा आवाज ऐकला तरच मिळतं.

लहान मुलांचं एक वेगळं. त्यांच्यासाठी कराराची वाट बघायची नाही, म्हणजे मूल सैन्यात सापडलं की त्याच दिवशी बाहेर, युद्ध चालू असलं तरी. २००७ च्या पॅरिस तत्त्वांमध्ये, म्हणजे लढाईत ओढलेल्या मुलांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, हे स्पष्ट आहे. त्यांना मोठ्यांच्या छावणीत ठेवायचं नाही आणि हातात रोख पैसे द्यायचे नाहीत. लायबेरियात पोरांनाही पैसे दिले, मग कमांडर ते काढून घेणार हे उघड होतं. तुझ्या तक्त्यात मुलांसाठी रांगच नाही, ती वेगळी कर.

आता छावणी. बाहेरून बघणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण लायबेरियातला गोंधळ इथेच झाला. आणीबाणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. एका छावणीत बायकापोरांसकट २,००० माणसं धर, म्हणजे रोज ३०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे तीन टँकर रोज, रस्ता चिखलाचा असला तरी. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, एक दिवस टँकर आला नाही की काय होतं ते माहीत आहे, इथे तर तेच लोक कालपर्यंत बंदूक चालवत होते. वीस माणसांमागे एक संडास, म्हणजे शंभर. बायकांचे वेगळे, उजेडात, कडी असलेले. नोंदणी, फोटो, डॉक्टरची तपासणी, समजावून सांगणं हे सगळं धरून एक टीम दिवसाला दोनशे माणसं करते असं मी धरतो, त्याच्या वर गेलं की कागद बिघडतात. ३०,००० ला एका टीमचे दीडशे दिवस. पाच टीम लावल्या तर तीस दिवस, पण पाच टीमसाठी पाच डॉक्टर, पाच जनरेटर, पाच फोटो प्रिंटर, आणि ते आधी पोचलेले पाहिजेत.

बंदुकांपेक्षा दारूगोळा जास्त घातक, हे विसरू नकोस. जुने रॉकेट, हातबॉम्ब, पावसात भिजलेली स्फोटकं लोक पोत्यात घालून बसमधून आणतात. म्हणून गेटच्या बऱ्याच आधी एक जागा लागते जिथे बॉम्बवाला तज्ज्ञ बसलाय आणि जे हलवण्यासारखं नाही ते तिथेच लांब नेऊन उडवून टाकतो. जमा झालेल्या बंदुका लगेच, लोकांसमोर नष्ट करायच्या. मालीमध्ये टिंबक्टूला मार्च १९९६ मध्ये सुमारे ३,००० शस्त्रांची होळी केली होती भर चौकात, ते बघायला आलेल्या सामान्य माणसाला जे समजलं ते कुठल्या पत्रकाने समजलं नसतं. आणि अर्धवट राहू दिलं की काय होतं त्यासाठी आसाम बघ, नव्वदच्या दशकात शरण आलेल्या उल्फावाल्यांपैकी, म्हणजे तिथल्या बंडखोर संघटनेतल्यांपैकी, बऱ्याच जणांकडे स्वतःच्या संरक्षणासाठी म्हणून शस्त्रं राहिली, लोक त्यांना सल्फा (सरेंडर झालेले उल्फा) म्हणायला लागले आणि खंडणीच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या.

छावणीत माणूस आठवडे ठेवायचा, वर्षं नाही. नेपाळमध्ये २००६ च्या करारानंतर यूएनने १९,६०२ माओवादी लढवय्ये ठरवले, सात मुख्य छावण्यांत ठेवले, आणि ते २०१२ पर्यंत तिथेच होते. पाच वर्षं. छावणीत लग्नं झाली, मुलं झाली, ती मुलं चालायला लागली तरी आईबापांचं काय करायचं ते काठमांडूत ठरत नव्हतं. ४,००८ जण, ज्यात बहुतेक भरतीच्या वेळी अल्पवयीन होते, त्यांना पडताळणीत बाजूला काढलं आणि शब्द वापरला 'अयोग्य'. २०१० मध्ये ते घरी गेले ते हा शिक्का घेऊन. तू फॉर्म बनवताना शब्द जपून वापर, सरकारी फॉर्मवरचा एक शब्द गावात माणसाचं आडनाव होऊन बसतो. शेवटी सैन्यात गेले साधारण १,४००, आणि बाकी बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली.

स्वेच्छानिवृत्ती म्हटल्यावर ठाण्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, नव्वदच्या शेवटी तो बंद झाला आणि व्हीआरएस दिली. एकरकमी पैसे आले. आमच्या चाळीत सहा जणांनी एकाच महिन्यात रिक्षा घेतल्या, सहाही त्याच स्टेशनच्या स्टँडला लागायच्या, भाडं तेवढंच आणि वाटेकरी सहा. दोघांनी वर्षात विकल्या. बाकीचं गेलं मुलींच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये. आणि वडील, पैसे बँकेत असूनसुद्धा, सकाळी सहाला उठून डबा भरून घ्यायचे, पहिली पाळी सात ते साडेतीन, तेवढा वेळ तलावपाळीला बाकावर बसून साडेतीनच्या हिशोबाने घरी यायचे. असं आठ महिने चाललं. आईला माहीत होतं, तिने कधी विचारलं नाही, डबा देत राहिली. हा माणूस तीस वर्षं मशीनवर होता, त्याने कोणाला मारलं नव्हतं. आता ज्याने चौदाव्या वर्षी बंदूक उचलली आणि ज्याला जगातली एकच गोष्ट चांगली येते, त्याचा विचार कर. कमांडरने उठवलं की उठायचं, कमांडरने दिलं की खायचं, शेजारी झोपणारा मित्र हेच घर. पैशाने रिकाम्या दिवसाचं काय करायचं हे सुटत नाही.

म्हणून रोख द्यायचीच, पण हप्त्याने, आणि त्याच्या गावाजवळ. हे मोझांबिकने चांगलं केलं. १९९२ च्या रोमच्या करारानंतर ९०,००० च्या वर सैनिक मोकळे केले, माणसाला विचारलं कुठे जायचंय, कुटुंबासकट तिथे फुकट पोचवलं, आणि दोन वर्षं पैसे त्याच्या जिल्ह्यातल्या बँकेतून हप्त्याहप्त्याने दिले. माणूस राजधानीत घुटमळत राहिला नाही, पैसे गावात खर्च झाले, गावालाही वाटलं की हा आलाय तर आपल्याकडे काहीतरी येतंय. खूप गावांत मांत्रिकाकडून शुद्धीचे विधी झाले, रक्त सांडून आलेल्याला पूर्वजांसमोर परत घ्यायचे. बाहेरच्या तज्ज्ञांना त्याची किंमत कळायला वेळ लागला, पण तिथल्या बाईला विचारलं तर ती म्हणेल तोच खरा दिवस, तोपर्यंत नवरा आलाच नव्हता.

ट्रेनिंगमध्ये एकच चूक सगळीकडे होते. सुतार, शिंपी, मेकॅनिक. कारण हे शिकवणारे सहज मिळतात. एका तालुक्यात चारशे शिंपी काढले तर कपडे शिवून घेणार कोण, मग शिलाई मशीन विकली जाते, आमच्या चाळीतल्या रिक्षांसारखी. आधी बाजार बघ, कुठला रस्ता दुरुस्त होणारे, कुठल्या शेतात पाणी आहे, मच्छी उतरते तिथे बर्फ कोण पुरवतो. आणि बहुतेक जण शेतीवरच जाणार आहेत, त्यामुळे छावणी सुटायची तारीख पेरणीच्या आधी पाहिजे. पेरणी झाल्यावर मोकळा केलेला माणूस पुढचा हंगाम येईपर्यंत उपाशी बसतो, आणि तेवढ्यात जुना कमांडर एक फेरी मारून जातो. शरीराच्या गोष्टीही ह्यातच येतात. आपल्या गडचिरोलीत दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, असताना नसबंदी करायला लावलेले काही जण होते, शरण आल्यावर ते ऑपरेशन उलटवून देण्याची सोय केली गेली आणि त्यांना मुलं झाली. माणसाला परत बोलावण्याचं ह्याहून ठोस उदाहरण मला माहीत नाही.

गावाचं म्हणणंही विचारायचं. ज्याने घर जाळलं त्याला किट, पैसे, ट्रेनिंग, आणि जिचं घर जळलं तिला काहीच नाही, हे ती रोज विहिरीवर बघणार. म्हणून फक्त लढणाऱ्याला द्यायच्या ऐवजी त्या गावाला द्यायचं, विहीर, शाळेचं छप्पर, पूल, आणि कामावर दोघांनाही घ्यायचं. इंडोनेशियातल्या आचेमध्ये, ऑगस्ट २००५ च्या हेलसिंकी करारात ३,००० लढणारे आणि ८४० शस्त्रं हे आकडे लिहिलेले होते, शस्त्रं डिसेंबरपर्यंत जमा झाली, पण प्रत्यक्षात माणसं ३,००० पेक्षा जास्त होती आणि कमांडरनी मिळालेले पैसे थोडे थोडे सगळ्यांत वाटले. करारातला आकडा गावात जाऊन मोडतो.

पैशाबद्दल तुझ्या पुस्तकात नसेल ते सांगतो. यूएन मिशनमध्ये शस्त्रं घेणं आणि छावणी ह्याचा खर्च ठरलेल्या बजेटमधून होतो, सदस्य देशांनी तो द्यावाच लागतो. गावात परत बसवायचा खर्च मात्र देणग्यांवर असतो, ज्या देशाला वाटेल तो देईल. म्हणजे सोप्या भागाला पक्का पैसा आणि अवघड भागाला वाट बघणं. त्यामुळे माणूस मोकळा होतो जूनमध्ये आणि ट्रेनिंगचा पैसा येतो पुढच्या वर्षी. फसण्याचं तू कारण विचारलंस ना, मला एकच लिहायला सांगितलं तर मी हे लिहीन.

सैन्यात घ्यायचं असेल तर एक पथ्य, जुना कमांडर आणि त्याची पोरं एकत्र ठेवायची नाहीत. काँगोत सीएनडीपी या बंडखोर गटाने २३ मार्च २००९ ला सरकारशी करार केला, त्यांची माणसं सरकारी सैन्यात आली, पण जुनी साखळी आतल्या आत तशीच राहिली. एप्रिल २०१२ मध्ये ते बंड करून बाहेर पडले, नाव घेतलं एम२३, करारातल्या त्याच तारखेचं, आणि नोव्हेंबरमध्ये गोमा शहर घेतलं. ज्या रस्त्यांवर आमच्या गाड्या फिरायच्या ते टीव्हीवर बघत होतो, आणि मला ती समासात नाव लिहिलेली बाई आठवत होती.

उलट टोकाची चूक इराकची, २३ मे २००३ ला एका आदेशाने सगळं सैन्य बरखास्त, लाखो माणसं बंदुकीसकट घरी, पगार नाही, पुढे काय नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आणि कायदा. आपल्या पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेले विनोबा मे १९६० मध्ये चंबळला गेले आणि दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या, पण खटले चालूच राहिले, त्यामुळे तुरुंगात काय होणार हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. तुझ्या देशात माफी कोणाला आहे आणि कोणाला नाही हे गेट उघडण्याआधी रेडिओवर सांगितलेलं पाहिजे. सरसकट माफी देता येत नाही, सिएरा लिओनमध्ये सरकार आणि बंडखोरांत झालेल्या १९९९ च्या लोमे करारावर सही करताना यूएनच्या प्रतिनिधीने हाताने टीप लिहिली की वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांची माफी आम्ही मानत नाही. आणि परत आलेल्याच्या जिवाची हमीही. कोलंबियात फार्क या बंडखोर संघटनेने २०१७ मध्ये यूएनकडे ८,९९४ शस्त्रं दिली, माणसं होती सुमारे ७,०००, हा हिशोब फार स्वच्छ झाला, पण त्यानंतर ४०० हून जास्त माजी लढवय्ये मारले गेले. बंदूक दिली आणि संरक्षण आलं नाही.

तर तक्त्याचं असं कर. पहिल्या चार महिन्यांत एकही बंदूक घेऊ नकोस. त्या जागी जिल्ह्यांचा रकाना टाक, कुठल्या जिल्ह्यात किती जण परत जाणार, तिथली पेरणी कधी, रस्ता कसा, कोण नाराज आहे. मुलांची रांग पहिल्या दिवसापासून. फॉर्ममध्ये बायकोपोरांचे रकाने छापील. शेवटचा भाग चार महिन्यांऐवजी तीन वर्षांचा, असाइनमेंट वर्षाची आहे असं सर म्हणाले तर त्यांना सांग की वर्षात फक्त बंदुका जमा होतात. आकडा ३०,००० च्या जागी ३०,००० ते ६०,००० लिही आणि पाण्याचा हिशोब वरच्या आकड्यावर कर. नवीन तक्ता झाला की पाठव, मी पेन्सिलने खुणा करून देतो, रविवारी सकाळी घरीच असतो.